खेळणारा हात कोणाचा?

संगणकावरच्या खेळांविषयी या त्रैमासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे चळवळीतले मित्र विचारतील. शिष्यवृत्त्या अडलेल्या आहेत, गायरानांचे प्रश्न तसेच आहेत, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे चालू आहेत आणि हा प्राध्यापक खेळावर लिहीत बसला आहे, ही तक्रार मला आत्ताच ऐकू येते. परंतु माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी वर्षभरात एकही कादंबरी हाती धरली नाही, ती रोज तास-दोन तास खेळ खेळतात. वस्तीतल्या मुलाजवळ मोबाइल आहे, वसतिगृहाच्या खोलीत चौघांत मिळून एक जुना लॅपटॉप आहे. मूल्ये आता या वाटेनेही आत येतात. नाटक-सिनेमाने आपल्याला कसे रंगवले याची झाडाझडती आपण घेतली. खेळाला मात्र 'पोरांचा नाद' म्हणून सोडून दिले. तो इतका निरागस कधीच नव्हता. सापशिडीचा जुना अवतार जो मोक्षपट, त्यात पुण्याच्या शिड्या होत्या, पापाचे साप होते, आणि कवड्या कशा पडतील हे खेळणाऱ्याच्या हातात नव्हते. कर्मविपाकाचा सिद्धान्त लहान मुलाच्या गळी याहून सोप्या रीतीने कोणी उतरवला असेल?

खेळांची परीक्षणे हल्ली पुष्कळ लिहिली जातात. चित्रे देखणी आहेत, संगीत साजेसे आहे, कथानक गुंतवून ठेवते, अमुक इतके तास पुरते, असा त्यांचा एकंदर थाट असतो. आपल्या प्रस्थापित आस्वादक समीक्षेचाच हा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. मला हे निकष अपुरे वाटतात. कादंबरीचा वाचक दुसऱ्याने केलेले पाहतो. खेळणारा स्वतः करतो. त्याच्या बोटाने कळ दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून खेळाला मी आधी हे विचारतो की, तू माझ्या हाताकडून कोणते काम करवून घेतोस? आणि लगेच पुढचे, की जगात हे काम कोणाचे हात करत आले आहेत? गेल्या काही महिन्यांत, बराचसा विद्यार्थ्यांच्या आग्रहाने, मी तीन खेळ खेळलो. तिन्हींकडे मी याच प्रश्नाने पाहिले.

पहिला आपल्या पुण्याचा. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या मंडळींचा खेळ २०२० साली आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनात जाऊन बसला. विलायती सरदार आणि अमेरिकी शिपाई यांच्या गर्दीत एक सावळी भारतीय मुलगी नायिका व्हावी, हे मला आवडले. राजस्थानी धाटणीचे महाल, पहाडी शैलीची भित्तिचित्रे, उन्हाचा तो रंग, सारे मन लावून केलेले आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी अनाथ मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते, कड्याला लोंबकळून वर चढते. खेळाची सारी गंमत या चपळाईत आहे.

आता ही चपळाई कोणाची? महाराष्ट्रात ती डोंबाऱ्याच्या पोरीची आहे. दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी, बाप ढोलके वाजवतो आणि ती वाशाच्या टोकावर पोट टेकून फिरते, ती पोर आपण सगळ्यांनी बाजारच्या दिवशी पाहिली आहे. तिचे पाल गावाबाहेर असते. सरकारच्या यादीत तिची जमात भटक्यांत मोडते. खेळात मात्र राजीला जात नाही. तिची कला घेतली आणि तिची वस्ती वगळली. ती देवळाच्या भिंतीवर चढते, गाभाऱ्यापर्यंत जाते आणि तिला कोणी हटकत नाही. कोणी म्हणेल, हेच तर स्वप्न आहे, देवळाचे दार उघडले आहे. मला हे पटत नाही. काळारामाच्या दारात १९३० साली सत्याग्रह का करावा लागला, हे ज्या गोष्टीत कोणाला ठाऊकच नाही, त्या गोष्टीतले उघडे दार हे चित्रकाराने काढलेले दार आहे.

दुसरे असे की, गोष्ट राजीची असली तरी ती सांगतात दुर्गा आणि विष्णू. वरून दोन देव पाहत आहेत, आपसांत बोलत आहेत, भिंतीवरच्या चित्रांचे अर्थ लावत आहेत आणि खाली पोर घाम गाळते आहे. निवेदन देवांकडे, कष्ट पोरीकडे. असुरांची बाजू सांगायला अर्थातच कोणी नाही. त्यांच्या म्होरक्याचे नाव महाबलासुर. हा आपला बळीराजाच, असे मी म्हणत नाही. ओढूनताणून अर्थ काढण्याची मला हौस नाही. परंतु जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून देव-असुरांच्या युद्धाकडे हरलेल्यांच्या बाजूने पाहायला शिकवले; बलिप्रतिपदेला बळीचे राज्य यावे म्हणून आमच्या आया आजही ओवाळतात; तिकडे झारखंडात असुर नावाची आदिवासी जमात हाडामांसाची जगते आहे. एवढे असताना पुण्यात बसून असुर हा शब्द केवळ मारून टाकायच्या आकृतीसाठी वापरला जातो. ज्या शहरात फुल्यांचा वाडा आहे, त्या शहराकडून मी थोडी अधिक अपेक्षा ठेवली तर ते गैर आहे काय?

दुसरा खेळ पाहून माझी अवस्था चमत्कारिक झाली. 'पॉवरवॉश सिम्युलेटर' हा इंग्लंडमधल्या फ्युचरलॅब या कंपनीचा २०२२ सालचा खेळ. यात शत्रू नाही, कथा म्हणावी तर नावापुरती. जोराने पाणी फेकणारे यंत्र घेऊन घाण धुवायची. आधी स्वतःची गाडी धुवायची, मग कोणाचे परसदार, मुलांचे मैदान, अग्निशामक दलाचे ठाणे, सार्वजनिक स्वच्छतागृह. मळाचा थर पाण्याच्या पट्ट्यापट्ट्याने निघत जातो आणि खालून लख्ख रंग वर येतो. एखादा भाग पुरता स्वच्छ झाला की घंटी वाजते. कुठे मळ राहिला हे कळत नसेल तर एक कळ दाबली की उरलेली घाण उजळून दिसते. पैसे खात्यात जमा होतात. हा खेळ लाखो लोक आवडीने खेळतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हजारो खेळाडूंच्या मनःस्थितीची नोंद घेतली, तेव्हा खेळताना बहुतेकांना थोडे बरे वाटते असे आढळले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मलाही बरे वाटले. मी रात्री साडेबारापर्यंत एक घसरगुंडी धूत बसलो होतो.

माझी आत्या नगरपालिकेत सफाई कामगार होती. पहाटे पाचला मुकादम मस्टरवर हजेरी घ्यायचा. पाच मिनिटे उशीर झाला की खाडा. खराटा आणि घमेले घेऊन ती दोन गल्ल्या आणि एक उघडे गटार काढायची. घरी आली की आधी बाहेरच्या मोरीत अंघोळ, मग उंबरा. तिच्या हाताला येणारा वास साबणाने जात नसे आणि ती आम्हा पोरांना उगीच जवळ घेत नसे. तिच्या कामात घंटी कधी वाजली नाही. काढलेले गटार दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेले असे.

हा खेळ तिची थट्टा करतो, असे मला म्हणायचे नाही. तो करणाऱ्यांना माझी आत्या ठाऊक असण्याचे कारणही नाही. उलट तो खेळताना एक गोष्ट मला फार स्वच्छ दिसली. घाण काढणे हे काम मुळात हलके नाही. त्याला वास लावला, जन्म लावला, मुकादम लावला आणि पर्याय काढून घेतला, की ते हलके होते. हे सारे वजा करा, हाती चांगले यंत्र द्या, कामाचा पुरा पैसा द्या, काम संपल्याचे समाधान द्या. मग तेच काम इतके गोड लागते की लोक स्वतःच्या खिशातले पैसे देऊन ते करतात. बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला. वर्गात तो समजावून सांगताना माझी दमछाक होते. एका घसरगुंडीने तो मला अर्ध्या तासात दाखवला. आपल्याकडे हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. खेळातले ते यंत्र खरोखरीच्या जगात दुकानात विकत मिळते. ज्याचा मुलगा पडद्यावर ते मजेत चालवतो, त्याच्या सोसायटीची टाकी साफ करायला मात्र अजून माणूस उतरवला जातो.

खेळाचा दोष सांगायचा तर एवढाच की, त्यात माणूस दिसत नाही. गिऱ्हाईक निरोप पाठवते, तुम्ही धुता, निघता. धुणाऱ्याला शरीर नाही. शरीर आले असते तर खेळ राहिला नसता, हेही खरे.

आता तिसरा, आणि माझ्या मते तिन्हींत श्रेष्ठ. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला 'पेपर्स, प्लीज' हा खेळ २०१३ साली आला. २०२२ पासून तो मोबाइलवरही मिळतो, म्हणून आमच्या मुलांपर्यंत पोहोचला. अर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२. सरकारी सोडतीत तुमचे नाव निघते आणि तुम्हाला सीमेवरच्या नाक्यावर कारकुनी मिळते. खिडकीसमोर रांग. एकेक माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. नाव, जन्मतारीख, शहर, छायाचित्र, मुदत, शिक्का हे सारे ताडून पाहायचे. जुळले तर हिरवा शिक्का, नाही जुळले तर लाल. माणशी पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेगडीचा खर्च वजा होतो. घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा आहेत. ते पडद्यावर कधी दिसत नाहीत, फक्त त्यांच्या नावापुढे भूक, थंडी, आजार असे शब्द उमटतात. रोज नवा नियम येतो, नवा कागद येतो. एका हल्ल्यानंतर हुकूम निघतो की, कोलेचिया देशाच्या प्रत्येक माणसाची झडती घ्या. त्याने काही केले आहे का, हा प्रश्न उरत नाही. तो कुठला, एवढे पुरते.

हा खेळ मी पोटात गोळा येऊन खेळलो. कारण ती खिडकी मला ठाऊक आहे, फक्त पलीकडच्या बाजूने. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्या आजोबांनी १९४३ साली दुसरीतून शाळा सोडली, त्याची नोंद जनरल रजिस्टरात सापडली तेव्हा घरात आनंद झाला होता. पण रजिस्टरात नाव होते 'धोंड्या' आणि वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'धोंडीराम'. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने त्यावर बोट ठेवून 'त्रुटी' असा शेरा मारला. वडिलांनी पाच खेपा घातल्या. एका खेपेला एक मजुरी बुडायची. आमच्या माणसाचे नाव पुरते लिहिण्याची दानत त्या काळच्या मास्तराला नव्हती, आणि त्याची किंमत तिसऱ्या पिढीने स्टॅम्प पेपर आणि प्रतिज्ञापत्र करून भरायची! वडील त्या कारकुनाला 'साहेब' म्हणत. तो मान वर करून पाहतही नसे.

खेळात मी त्याच्या खुर्चीवर बसलो. आणि दोन कागदांवरच्या नावांत एका अक्षराचा फरक सापडला की आनंद होऊ लागला. खेळ अशा रीतीने रचला आहे की तो व्हावाच. वेळ संपत असतो, रांग लांब असते, मुलगा आजारी असतो. अशा वेळी त्रुटी सापडली की काम लवकर उरकते. समोरच्या माणसाचा चेहरा हळूहळू दिसेनासा होतो, तारीख तेवढी दिसते. त्या कारकुनाला मी आजवर दुष्ट समजत आलो. तो दुष्ट असेलही. पण दुष्टपणा नसतानाही तेच काम तितक्याच थंडपणे होऊ शकते, हे कोणत्याही कादंबरीने मला एवढ्या जवळून दाखवले नव्हते.

एक प्रसंग सांगतो. एका नवऱ्याचे कागद बरोबर असतात. तो जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत गेले तर मला मारतील, असे ती सांगते. तिला सोडले तर तुमच्यावर चुकीचा ठपका येतो. आता यातली मेख पाहा : दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, दंड तिसरीपासून. म्हणजे कारकुनाला रोज दोन दया फुकट आहेत. खेळणारा लवकरच त्या जपून वापरू लागतो. सकाळी कोणावर दया दाखवली तर दुपारच्या माणसासाठी उरत नाही. आपल्या गावगाड्यातल्या भल्या माणसांची दयाही अशीच मोजकी असे : वर्षाला एक जुने लुगडे, पोराला एक वही, आणि त्याउपर मागितले की 'माजलेत'. ही दया कुठून येते आणि किती पुरते, याचा हिशेब या खेळाने मांडला आहे.

उणिवा आहेत. पोपने देश निवडला तो पूर्व युरोपच्या जुन्या साम्यवादी राजवटींच्या तोंडवळ्याचा. पश्चिमेचा खेळाडू आरामात म्हणू शकतो की, हे त्या लोकांचे, आमचे नव्हे. जणू लंडन-न्यूयॉर्कच्या विमानतळांवर रंग पाहून कोणाला बाजूला काढत नाहीत. शिवाय रांगेतला माणूस खिडकीपुरताच जगतो. पुढे त्याचे काय झाले हे बहुधा कळत नाही. पण ही उणीव म्हणावी की प्रामाणिकपणा, याचा मी अजून विचार करतो आहे. कारकुनालाही ते कळत नसतेच.

माझा मुख्य मुद्दा यातूनच निघतो. खेळांच्या बाजूने बोलणारे एक मोठा दावा करतात की, खेळ दुसऱ्याचे जगणे अनुभवायला देतो. दलित साहित्याच्या संदर्भात सहानुभूती आणि स्वानुभव यांवर आपल्याकडे पुष्कळ रणे माजली. आता हे यंत्र म्हणते की, वाद मिटला, पैसे द्या आणि स्वानुभव घ्या. हे मला साफ नामंजूर आहे. सोसणाऱ्याच्या सोसण्याचा गाभा हा की त्यातून बाहेर पडायची कळ नाही. खेळात ती कोपऱ्यात कायम असते. ज्याला केव्हाही उठून जेवायला जाता येते, त्याने दोन तास अस्पृश्य होऊन पाहिले तर त्याच्या हाती अनुभव येत नाही, अनुभव घेतल्याचे समाधान येते. आणि ते अज्ञानापेक्षा वाईट.

पण खुर्चीवरच्या माणसाचे तसे नसते. त्याला त्याच्या जगातही उठून जाता येते. राजीनामा देता येतो, डोळेझाक करता येते, दुसरा शिक्का उचलता येतो. म्हणून त्याचा अनुभव खेळात जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. बळी पडणाऱ्याचे दुःख खेळाला पेलत नाही. बळी घेणाऱ्याच्या हाताची सवय मात्र तो हुबेहूब दाखवू शकतो. आपल्या आत्मकथनांनी सोसणाऱ्याची बाजू इतक्या ताकदीने सांगितली आहे की तिथे खेळाची गरजही नाही. दुसरी बाजू, म्हणजे लाल शेरा मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी नेमके काय चालते, हे मराठी साहित्यात फारसे आलेले नाही. ज्यांनी ते लिहायचे, ते गप्प आहेत.

आमच्या महाविद्यालयातला एक मुलगा संगणकशास्त्र शिकतो. तो परवा म्हणाला, "सर, गावकुसाबाहेरच्या पोराचा गेम काढायचा विचार आहे. त्याला विहिरीवर जाऊ देत नाहीत, वर्गात मागे बसवतात, असे सगळे दाखवायचे."

मी त्याला म्हटले, "तो पोरगा खेळणाऱ्याच्या हाती देऊ नकोस. त्याला रांगेत उभा कर. खेळणाऱ्याला हॉटेलच्या गल्ल्यावर बसव. आत कपबशा, बाहेर वळचणीला वेगळे कप. गिऱ्हाईक आले की ते कोण हे ओळखायचे आणि चहा कशात द्यायचा ते ठरवायचे. चुकले तर गावातले लोक हॉटेलात येणे बंद करतील. संध्याकाळी गल्ला मोजायचा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहीत चौकोन आखू लागला. आडनाव, गल्ली, कपडे, बोली, सोबत कोण आहे. ओळखण्याच्या खुणांचा हा रकाना त्याने पाच मिनिटांत भरला, एकदाही मला न विचारता. पुढे अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. "सर," तो म्हणाला, "दिवसाला किती चुका माफ ठेवायच्या?"